नऊ जणांचं एकच उत्तर

त्या वर्षी उन्हाळा न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा आला आणि येताच सगळं घर डोक्यावर घेतलं. तीन आठवड्यांनी पिकायचा टोमॅटो आठ दिवसांत लाल झाला. सगळ्यांच्या शेतात एकदमच तोडा निघाला. माणूस मिळेना, क्रेट मिळेना, आणि झाडावर राहिलेलं फळ दुपारपर्यंत तडकायचं. ज्याला म्हणून दोन हात होते, तो सरीत वाकलेला होता.

सोमवारी इंग्रजीच्या बाई शेवटच्या वर्षाच्या वर्गात शिरल्या, तेव्हा नऊ जणांतले दोघेच बाकावर होते.

"बाकीचे कुठे?"

"तोड्यावर," त्यातला एक म्हणाला. "आम्हीपण निघालोय बाई. हजेरी लावायला थांबलो होतो."

बाईंनी हजेरी लावली, त्या दोघांना सोडलं आणि रिकाम्या वर्गात थोडा वेळ उभ्या राहिल्या. इंग्रजी साहित्याची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. एक नाटक, आठ कविता आणि तीन तासांचा पेपर. हा पेपर सुटला तर पोरांना शहरातल्या अध्यापक विद्यालयाचं दार उघडत होतं. नाही सुटला, तर पुन्हा सरी होतीच.

मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"मागच्या वर्षी सात बसले, सहा नापास," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही नव्हतात. या नऊ जणांना साध्या इंग्रजीला वळवू. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तुम्ही सही करा, तुमच्यावर काही येणार नाही."

"साध्या इंग्रजीवर त्यांना पुढे काय मिळतं?"

"उत्तीर्ण झाल्याचा कागद."

"तो भिंतीला लावायला बरा," बाई म्हणाल्या आणि फॉर्म परत सरकवला. "माझी नऊच्या नऊ पोरं साहित्याला बसतील."

"वर्गात पोरं नाहीत बाई."

"मग जिथे आहेत तिथे जाईन."

बाईंना स्वतःवर भरवसा होता, आणि तोही थोडाथोडका नाही. बावीस वर्षं त्यांनी हाच विषय शिकवला होता, हे नाटक तर अकरा वर्षं. मागच्या मास्तरांचा निकाल ऐकून त्या मनातल्या मनात हसल्याही होत्या.

त्या आपल्या धाकट्या भावाच्या घरी राहत. लग्न केलं नव्हतं. या गावच्या शाळेत बदली झाली तशी भावानेच मागची खोली रिकामी करून दिली होती. भावाची मुलगी त्या नऊ जणांतलीच. शाळेत ती त्यांना बाई म्हणायची, घरी आत्या, आणि कधीकधी वर्गात 'आत्या' तोंडातून निसटलं की सगळा वर्ग खुदखुदायचा.

संध्याकाळी भाऊ दाराशी पाय धूत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, उद्यापासून पोरगी तोड्याला येईल. आधीच सांगितलेलं बरं."

भाची दारातच उभी होती. बापाकडे पाहून झालं, आत्याकडे पाहून झालं, मग ती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"दुपारी बारा ते चार उन्हात तुम्ही तोडता का?" बाईंनी विचारलं.

"त्या वेळी कोण तोडतं? फळ हाताला चटके देतं."

"मग त्या वेळात काय करता?"

"झोपतो."

"तू झोप. पोरगी मला दे."

भावाने तांब्या पालथा घातला. "आणि पहाटे? पहाटे माणूस कमी पडतंय, त्याचं काय?"

"पहाटे मी येते."

आतून भावजय हसली. तिच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. "वन्सं, खडू उचलायचा हात तो. चार क्रेट उचलले की खांद्यातून निघेल."

"चार नको, एक उचलीन."

"एका क्रेटसाठी कुणी पहाटे उठतं का?" भाऊ म्हणाला, पण पुढे नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाई सरीत होत्या. डोक्याला फडकं आणि भावजयीचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना काही वाटलं नाही. मग कमरेत कुणीतरी खिळा ठोकायला बसल्यासारखं झालं. टोमॅटोच्या पानांचा उग्र वास नाकात भरला. बोटं आधी पिवळी झाली, मग हिरवी, मग काळी. भावजय शेजारच्या सरीत दोन्ही हातांनी तोडत पुढे जात होती, तिच्या हालचालीत घाईही नव्हती आणि उसंतही नव्हती. बाईंचं पहिलं क्रेट भरलं, तेव्हा तिचं चौथं भरत आलं होतं.

शेतं संपत तिथे पॅकिंगची शेड होती. पत्र्याचं छप्पर, चारही बाजू उघड्या, मधोमध लांब टेबलं. तिथे बायका माल निवडत बसायच्या. त्यांच्यावर एक मुकादमीण होती, बारीक अंगाची, जाड भिंगाच्या चष्म्याची. बाईंनी आपलं क्रेट आपल्याच हाताने तिच्यापुढे नेऊन ठेवलं. वर्गातली पाच-सहा पोरंही तिथे माल टाकायला आली होती.

मुकादमिणीने वरची दोन फळं उचलली, पाहिली आणि सगळं क्रेट टेबलावर पालथं केलं.

"देठ ठेवलेत तुम्ही," ती म्हणाली. "देठ शेजारच्या फळाला टोचतो. एक टोचलं की गाडीत सगळं क्रेट नासतं. आणि तळाला ही फुटकी कशाला? झाकायला?"

"मला दिसली नाहीत."

"दिसायला हवीत. वहीवर लाल रेघ मारता ना, तसं समजा."

बाईंचे कान तापले. पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यातला खांब, म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ट्रक चालवणाऱ्याचा पोरगा, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाई, पुन्हा लिहून आणा."

शेड हसली. मुकादमीणसुद्धा हसली. बाईंना हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं. त्यांनी तिथेच उभं राहून एकेका फळाचा देठ काढला, फुटकी बाजूला केली, आणि क्रेट पुन्हा भरून पुढे ठेवलं.

"आता चालेल," मुकादमीण म्हणाली.

साडेसातला त्यांनी हात घासले. साबणाचा फेस हिरवा निघाला, तरी हातांचे डाग काही निघाले नाहीत. तसल्याच हातांनी त्यांनी खालच्या वर्गांचे चार तास घेतले, आणि बाराला पुन्हा शेडवर आल्या.

शेडचा मालक पोत्यांच्या थप्पीवर आडवा झाला होता. जाडजूड माणूस, बोलायचा कंटाळा असलेला. बाईंनी दुपारचे दोन तास कोपरा मागितला.

"पोरं दुपारी झोपली की संध्याकाळी हात चालतात," तो म्हणाला. "तुम्ही झोपू देणार नाही."

"एक आठवडा बघा. हात थांबले तर मी स्वतः जाते."

"आवाज खाली ठेवा. मी झोपणार आहे."

अशी शाळा सुरू झाली. पालथ्या क्रेटवर नऊ पोरं, मांडीवर पुस्तक. घरचा डबा तिथेच उघडायचा, तिथेच झाकायचा. बाई नाटक इंग्रजीतून वाचायच्या, मग मराठीतून उलगडायच्या. नाटक होतं एका नावाड्याच्या विधवेचं. नदीवर पूल होतो, नावेला गिऱ्हाईक उरत नाही. सगळे सांगतात, नाव विकून टाक. ती विकत नाही. घरात एक मुलगा, एक सून. पूल बांधणारा इंजिनिअर येता-जाता तिला समजावतो. शेवटी पुरात पुलाचा कठडा वाहून जातो, आणि त्या रात्री पलीकडच्या काठावरून वैद्याला आणायला तिचीच नाव जाते.

टेबलापाशी बायका माल निवडत असायच्या. त्या ऐकत नाहीत असं बाईंना वाटायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं, तेव्हा मुकादमीण म्हणाली, "थांबलात का? सुनेनं काय केलं मग?"

"ते उद्या."

"उद्या माझी पाळी पलीकडच्या शेडला आहे."

"मग सांगते. सून माहेरी जाते."

"जाणारच," दुसरी एक बाई म्हणाली. "नावेवर पोट भरतं का?"

"नवऱ्याची वस्तू आहे ती. कशी विकेल?" तिसरी म्हणाली, आणि मग टेबलाच्या दोन्ही बाजूंनी असं काही जुंपलं की पोत्यांवरून मालकाचा आवाज आला, "अहो, माणूस झोपलाय इथे." जरा थांबून तो डोळे मिटूनच म्हणाला, "विकायला पाहिजे होती. लाकूड कुजतं."

आठवडा संपला, पण बाईंना जा म्हणायला कुणी आलं नाही. उलट पलीकडच्या शेताची माणसंही सावलीला म्हणून येऊन टेकायला लागली.

बाई जोरात होत्या. त्यांनी नोट्स उतरवून दिल्या. नाटकाच्या बारा प्रश्नांची बारा उत्तरं, प्रत्येक कवितेची दोन, एकूण बेचाळीस पानं. पोरांनी ती पाठ करायला घेतली. पहाटे सरीत एकाने प्रश्न टाकायचा, पलीकडच्या सरीतून दुसऱ्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. तोडता तोडता वाक्यं इकडून तिकडे जायची. भावानेही एक-दोन वाक्यं उचलली आणि बैलाला हाकावं तशा सुरात तो ती म्हणायला लागला. बाईंना ते ऐकून बरं वाटायचं. कंबर आता दुखत नव्हती. रोज तीन क्रेट भरत होते, आणि मुकादमीण त्यांचं क्रेट न तपासता पुढे ढकलत होती.

परीक्षेला अठरा दिवस उरले असताना त्यांनी रविवारी शाळेत पूर्ण पेपर घेतला. तीन तास, घड्याळ लावून. दुपारी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन तपासायला बसल्या.

पहिला पेपर सुरेख होता. दुसराही. तिसरा वाचताना त्यांना वाटलं, आपण चुकून पहिलाच परत उचलला. नाव पाहिलं, दुसऱ्याचं होतं. पाचव्या पेपराशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नऊच्या नऊ पेपर जमिनीवर ओळीने मांडले.

नऊ जणांनी पहिलं वाक्य तेच लिहिलं होतं: ती विधवा हट्टी नाही, नदीला ओळखणारी त्या गावात ती एकटीच उरली आहे. बाईंचं आवडतं वाक्य. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नोट्सच्या पाचव्या पानावर तिसऱ्या अंकाबद्दल एक ओळ होती. ती उतरवून देताना बाईंच्या तोंडून क्रियापद राहिलं होतं. नऊ पेपरांत लिहिलं होतं, 'आणि तेव्हा विधवा नावेचा दोर.' दोर सोडते, बांधते की तोडते, ते कुणाच्याच पेपरात नव्हतं. नऊ जणांनी 'दोर' लिहून पूर्णविराम दिला होता.

त्यांनी भाचीला हाक मारली. ती हात पुसत आली.

"तिसऱ्या अंकात विधवा दोराचं काय करते?"

भाचीने पेपराकडे पाहिलं. "माहीत नाही."

"वाचलं नाहीस तू?"

"वाचलंय. पण नोट्समध्ये नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. तू सांगितलं नाहीस ना, आत्या."

"आणि ती हट्टी नाही, हे तुला पटतं?"

भाची गोंधळली. "तुझं मत आहे ना ते."

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. इथे सगळा भातच एका शिताचा निघाला होता.

सोमवारी सकाळी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि मागच्या वर्षीच्या निकालाबरोबर आलेला परीक्षकांचा शेरा मागितला. त्यांनी कपाटातून काढून दिला. शेरा एका ओळीचा होता. सर्व उत्तरे एकसारखी आहेत, विद्यार्थ्यांनी पुस्तक स्वतः वाचल्याचे दिसत नाही.

"मागच्या मास्तरांनी काय केलं होतं?" बाईंनी विचारलं.

"नोट्स दिल्या होत्या," मुख्याध्यापक म्हणाले. "चांगल्या होत्या म्हणतात."

बाईंनी कागद घडी करून परत दिला. हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दुपारी शेडमध्ये त्यांनी एक रिकामं क्रेट मध्ये ठेवलं. "नोट्सच्या वह्या यात टाका. परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहतील."

पोरांनी वह्या छातीशी धरल्या.

"बाई, पाठ झाल्यात हो," खांब म्हणाला. "बेचाळीसपैकी चाळीस पानं झालीत माझी."

"म्हणूनच."

वह्या पडल्या, पण जड हातांनी पडल्या. आणि दुसऱ्या दिवशी खांबचा बाप ट्रक शेडपाशी लावून थेट आत आला. कपाळावर घाम, हातात गाडीची किल्ली. पोरं बसलेली, बायका बसलेल्या, त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बाई, माझा पोरगा पंधरा दिवस पाठ करतोय. झोपेत बडबडतो. आता तुम्ही वही काढून घेतली. सतरा दिवस राहिले असताना हे काय काढलं?"

"बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. गाडी भरायचीय."

"तुमच्या शेजारी बसून कुणी वर्षभर रस्ता पाठ केला, तर त्याच्या हाती गाडी द्याल?"

"नाही देणार."

"तसंच आहे हे."

तो काही लेचापेचा नव्हता. "ठीक. पण सतरा दिवसांत गाडी शिकतं का कुणी?"

"काही शिकतात," बाई म्हणाल्या.

"आणि जो नाही शिकला?"

"त्याच्या बापाला मी सांगेन की चूक माझी. तेव्हा कशाला, आत्ताच सांगते. नोट्स देऊन चूक मीच केली. पोरांनी मी सांगितलं तेच केलं."

शेडमध्ये टेबलावरचे हात थांबले. मास्तर लोकांनी चूक कबूल करण्याची त्या माणसाला सवय नव्हती. त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली, पोराकडे पाहिलं, आणि "बघा मग," एवढंच म्हणून बाहेर गेला.

बाई परत क्रेटवर बसल्या. "आता मला सांगा," त्या म्हणाल्या. "ती विधवा तुम्हाला कशी वाटते? माझं वाक्य सोडून."

कुणी बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाईंच्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, ती त्यांनी दाताखाली धरली. बावीस वर्षांत वर्गात त्या इतका वेळ कधी गप्प बसल्या नव्हत्या. पत्रा तापून कडकड वाजत होता.

"मला ती आवडत नाही," कुणीतरी म्हणालं.

बोलली होती ती अबोली. ती कधी बोलत नाही म्हणून पोरांनीच हे नाव पाडलं होतं. तिची आई टेबलाशी माल निवडायला होती, घरात दोघीच.

"का आवडत नाही?" बाईंनी विचारलं.

"पूल झाल्यावर तिचा मुलगा पलीकडे पुढचं शिकायला जाणार होता. तिने वल्हवायला त्याला ठेवून घेतलं. सगळे म्हणतात, नदी तिला कळते. मुलगा कळत नाही."

"असं कुठे लिहिलंय?" खांबने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अबोलीने पुस्तक उघडलं. "पान एकतीस. तो पेटीतून नवा सदरा काढतो. ती येऊन सांगते की उद्या पहाटे पलीकडे तीन माणसं न्यायचीत. तो सदरा घडी करून परत पेटीत ठेवतो. काही बोलत नाही."

बाईंनी आपलं पुस्तक उघडलं. ती ओळ होती, कंसातली, बारीक अक्षरातली. अकरा वर्षांत त्या सदऱ्यापाशी त्या एकदाही थांबल्या नव्हत्या.

"मी मानत नाही," त्या म्हणाल्या, कारण खरंच मानत नव्हत्या. "तिला दुसरा आधार होता का?"

"नव्हता," अबोली म्हणाली. "म्हणून ती वाईट नाही. पण आवडत नाही."

टेबलाशी तिच्या आईने हातातलं फळ पहिल्या प्रतीत टाकायचं ते दुसऱ्या प्रतीत टाकलं. मुकादमिणीने ते गुपचूप उचलून योग्य जागी ठेवलं.

त्यानंतर एकेकाला तोंड फुटलं. परीक्षेपर्यंत तेच चाललं. कुणी काही म्हणालं की बाकीचे विचारायचे, कुठे लिहिलंय? पान सांगता आलं तर मत राहिलं, नाही तर गेलं. दुपारी बोलायचं, संध्याकाळी एक पान स्वतःच्या इंग्रजीत लिहायचं. ते इंग्रजी नोट्ससारखं गुळगुळीत नव्हतं. बाई व्याकरण सुधारायच्या, मताला हात लावायच्या नाहीत. हे त्यांना देठ काढण्यापेक्षा अवघड गेलं. कित्येकदा लाल पेन कागदाला टेकायचं आणि परत उचललं जायचं. खांबचं पान दोन ओळींतच अडायचं. पाठांतराला त्याच्यासारखा कुणी नव्हता, पण स्वतःचं वाक्य म्हटलं की तो घोट्यापर्यंत चिखलात रुतल्यासारखा उभा राहायचा. बाई त्याला रोज अर्धा तास जास्त द्यायच्या.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी जेवताना भाऊ म्हणाला, "सोमवारपासून शेताच्या खालच्या अंगाचा दुसरा तोडा. सगळ्यांनी यायचं."

सोमवार ते बुधवार पोरांना उजळणी करायची होती, गुरुवारी पेपर होता. बाईंनी तोंड उघडलं, पण टेबलाखालून भाचीने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"बाबा, मी सोमवारपासून येणार नाही," भाची म्हणाली.

भावाने घास खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"मी. खालच्या अंगाला सहा सऱ्या लाल आहेत. उद्या आणि परवा मी आणि आई त्या संपवतो. बाकीचा माल हिरवा आहे, आणि आता आभाळ भरून येतंय. आभाळ आलं की माल आठवडाभर थांबतो."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा विहिरीपाशी शेडच्या मालकांना सांगत होतात. मी पाणी भरत होते."

भाऊ बहिणीकडे वळला. "हे तू शिकवलंस?"

"मी तर बोलणार होते," बाई म्हणाल्या. "तिनेच माझा पाय दाबला."

भावजयीने पदराआड हसू लपवलं. भाऊ पुन्हा जेवायला लागला. "माझाच पुरावा माझ्यावर," तो पुटपुटला. "सहा म्हणजे सहा. पाचवर सोडलात तर बघा."

रविवारी संध्याकाळी सहाव्या सरीचं शेवटचं क्रेट त्याने स्वतः उचललं.

गुरुवारी खांबच्या बापाने शेडचा टेम्पो काढला. मालकाने मागण्याआधीच किल्ली दिली होती. नऊ पोरं मागे रिकाम्या क्रेटवर बसली, बाई पुढे. शहरातल्या केंद्रावर मोठी फाटकं होती आणि फाटकाशी एक तपासनीस. त्याने अबोलीचे हात पाहिले आणि तिला बाजूला घेतलं. मग भाचीला, मग सगळ्यांनाच.

"तळहातावर काय लिहिलंय?"

"काही नाही. टोमॅटोच्या झाडाचा डाग आहे," भाची म्हणाली.

"शाई पुसून काढलेली दिसते."

बाकीच्या शाळांची पोरं बघत बघत आत जात होती. नऊ जण हात पुढे करून रांगेत उभे, कुणाची मान वर नाही. बाई रांगेमागून पुढे झाल्या. त्यांनी काही समजावलं नाही. आपले दोन्ही हात तपासनिसापुढे धरले, तसेच काळे-हिरवे.

"तुमचा रुमाल ओला करा आणि घासून बघा," त्या म्हणाल्या. "शाई निळी निघेल. हे हिरवं निघेल."

त्याने खरंच घासलं. रुमाल पिवळट हिरवा झाला. त्याने तो हुंगला, नाक मुरडलं आणि पोरांना आत सोडलं.

तीन तास बाई आणि खांबचा बाप टेम्पोच्या सावलीत बसून होते. पोरं बाहेर आली तशी बाईंनी प्रश्नपत्रिका घेतली. नाटकावरचा मोठा प्रश्न होता: या नाटकातल्या कोणत्या व्यक्तीला क्षमा करणे तुम्हाला सर्वांत अवघड वाटते? कारणे द्या.

बेचाळीस पानांत याचं उत्तर कुठेच नव्हतं.

"मी विधवेचं लिहिलं," अबोली म्हणाली.

"मी मुलाचं," भाची म्हणाली. "शिकायला जाऊ दे, असं त्याने एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, हे कुठे लिहिलंय?"

एकाने गावातल्या लोकांचं लिहिलं होतं, जे वर्षानुवर्षं नावेतून गेले आणि पूल होताच तिला ओळखेनासे झाले. दोघांनी सुनेचं, आणि दोघांचीही कारणं वेगळी. खांबने इंजिनिअरचं लिहिलं होतं. "सुचलं बाई, यावेळी सुचलं. पण लिहिता लिहिता वेळ संपला. कवितांचा एक प्रश्न राहिला."

"तू कुणाचं लिहिलं असतंस, आत्या?" भाचीने विचारलं. या वेळी कुणी खुदखुदलं नाही, सगळेच उत्तराची वाट बघत होते.

बाईंनी प्रश्न पुन्हा वाचला. "मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या.

निकाल दोन महिन्यांनी लागला. तोवर टोमॅटोची झाडं उपटून झाली होती, नांगरट झाली होती. नऊपैकी आठ पास. अबोली सगळ्या केंद्रात तिसरी आली. तिच्या आईला तो आकडा मुकादमिणीने तीन वेळा वाचून दाखवला. भाचीला बरे गुण पडले, आणि अध्यापक विद्यालयाच्या फॉर्मवर भावाने सही करताना आपलं नाव दोनदा गिरवलं. मुख्याध्यापकांनी बाईंचं अभिनंदन केलं. परीक्षकांचा या वर्षीचा शेरा काय, ते विचारायला बाई विसरल्या नाहीत. या वर्षी शेरा नव्हता.

खांब चार गुणांनी राहिला.

त्याच्या बापाकडे बाई निकालाच्याच दिवशी गेल्या. तो ट्रकच्या चाकाशी बसला होता.

"मी सांगायला आले," बाई म्हणाल्या.

"ते तुम्ही आधीच सांगितलंय," तो म्हणाला. "पुन्हा कशाला?" आणि बसायला आपल्या बुडाखालचं पोतं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खांब बाईंच्या घरी आला. दारातून वाकून आत आला, कारण त्या दारातून तो सरळ येऊ शकत नव्हता. त्याने डोळे पुसलेले दिसत होते, पण आता ते कोरडे होते.

"फेरपरीक्षा तीन महिन्यांनी आहे," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ का?"

"उद्या कशाला? बस."

तो बसला. बाईंनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि समोर बसल्या.

"नोट्स?" त्याने विचारलं.

"नाहीत. पहिलं वाक्य तू सांग."

खांब कागदाकडे बघत राहिला. आतून भावजयीने चहा झाला म्हणून हाक मारली. बाईंनी हाताने थांब म्हणून खूण केली, आणि तोंड मिटून बसल्या. बाहेर भाऊ नव्या सऱ्यांना पाणी सोडत होता. बऱ्याच वेळाने खांबने पेन उचललं.